माइकशिवायचा निरोप

"फक्त 'मी निवृत्त होतोय' एवढं म्हण," ताकेबेसाहेब म्हणाले. "तेवढ्यानं तुझं काय जातंय?"

मी तिथेच वाळलेल्या शर्टांच्या घड्या घालत होते. फुटबॉल क्लबचे कपडे धुणाऱ्या बाईलाही कान असतात, हे आमच्या अध्यक्षांच्या कधी ध्यानात आलं नाही.

"साहेब, मला अजून खेळायचंय," नोनाका म्हणाला.

"सदतिसाव्या वर्षी?"

"खालच्या लीगमध्ये खेळेन. पुढच्या महिन्यात निवडचाचणी आहे, तिकडे जाणार. निवृत्त झालो म्हणून एकदा सांगितलं, तर मला घेणार कोण?"

"मग माइक नाही, फुलं नाहीत. पद्धत तुला माहितीय."

पद्धत म्हणे! मोसमाच्या शेवटच्या सामन्यानंतर निवृत्त होणारा खेळाडू लोकांशी बोलतो, गुच्छ घेतो, सोबती त्याला हातांवर झेलून उंच उडवतात. क्लबने काढून टाकलेल्याचं नाव मात्र वेबसाइटवर दोन ओळींत येतं, तेही सामना उरकल्यावर. म्हणजे काढणार हे, आणि 'मीच सोडतोय' असं म्हणायचं त्याने. चोर तो चोर, वर शिरजोर!

चौदा वर्षं हा माणूस आमच्या संघासाठी मैदानाच्या डाव्या कडेने धावला. राष्ट्रीय संघात कधी गेला नाही, पण क्लब खालच्या श्रेणीत घसरला तेव्हा भलेभले पळाले आणि हा राहिला. सराव संपला की कुंपणाशी सह्या देत उभा राहायचा, शेवटची आजी घरी जाईपर्यंत. गावच्या बसवर याचा चेहरा, संत्र्यांच्या खोक्यांवर याचा चेहरा. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

साहेब गेल्यावर मीच त्याला म्हणाले, "अरे, म्हणून टाक ना. लोकांशी चार शब्द बोलायला तरी मिळतील."

"मावशी, चौदा वर्षं कुंपणाशी उभा राहून बोललो त्यांच्याशी. आता माइक हातात घेऊन खोटं बोलू?"

मला माझीच लाज वाटली.

रविवारी मोसमाचा शेवटचा सामना आम्ही एका गोलने हरलो. मग ताकेबेसाहेबांचं भाषण झालं. त्यात 'आपलं कुटुंब' तीनदा आलं, नोनाकाचं नाव एकदाही नाही. संघ मैदानाला फेरी मारून प्रेक्षकांना वाकून नमस्कार करायला निघाला, तेव्हा दक्षिणेकडच्या गर्दीने त्याच्या नावाचं गाणं धरलं. त्याला काढल्याची कुजबुज तिथवर पोचलीच होती.

नोनाका रांगेतून बाहेर पडला, त्यांच्यासमोर गेला आणि कमरेत वाकला. गाणं चालू असताना मान वर कशी करायची? आणि तो वाकलेला असताना गाणं थांबवायचं कसं? लोक थांबेनात, तो उठेना. कुणाच्या तरी हुकमाने कर्ण्यांवर क्लबचं गीत मोठ्याने लागलं. मला इतका संताप आला की हातातली धुण्याची टोपली मी तिथेच आपटली.

शेवटी गर्दीतल्या ढोलवाल्यानेच ढोल थांबवला, तसं गाणं थांबलं. नोनाका सरळ झाला. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडला, "मी अजून खेळणार आहे!"

कर्ण्यांच्या गोंगाटात ते पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं. त्यांनी मागे वळून तिसऱ्या रांगेला सांगितलं, तिसरीने चौथीला. ते वाक्य पायरीपायरीने वर चढताना मी खालून पाहत होते. अगदी वरच्या टोकाला बसलेल्या म्हातारीपर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागला. तोवर नोनाका खाली ताठ उभा होता.