काटा हलला चांद्यापाशी

आमच्या वाडीत शास्त्र आलं ते जीपमधून, चार लोखंडी खुंट्या घेऊन.

कडावच्या पुढं, ओढ्याच्या वरच्या अंगाला आमची घरं. भात चांगलं पिकायचं, पण होळी झाली की विहीर तळाला जायची नी बायांच्या नशिबी नदी यायची. अर्ज करकरून दमलो तवा सरकारनं एक नवी विहीर मंजूर केली. एकच. ती कुठं खणायची ते ठरवायला मुंबईहून सायब येणार असं कळलं, तवा मला वाटलं, तळहातावर नारळ ठेवून चालणारा कोणी पाणाड्या असंल. निघाला चष्मेवाला, उन्हानं लालबुंद झालेला माणूस. दिवसभर खुंट्या ठोकत फिरायचा, म्हणून सगळे त्याला खुंटीसायब म्हणाय लागले. त्याला कळलं तवा तो हसला नी त्याच नावाला ओ द्यायला लागला.

च्या प्यायला तो आमच्या ओटीवर यायचा. मी काय गप बसणारी नाय, विचारलं, हे ठोकून कळतं काय? तर म्हणाला, एका बाजूनं काहीतरी आत सोडायचं नी दुसऱ्या बाजूला काय बाहेर येतं ते बघायचं, म्हंजे न फोडता आतलं कळतं. त्याच्या ओळखीचा एकजण भाताच्या दाण्यातून उजेड सोडून दाणा आतून तडकलाय का बघायचा. दुसरा रेल्वेच्या पुलाच्या लोखंडातून आवाज सोडायचा. ह्यानं सगळ्यांची विद्या थोडी थोडी उचलली नी जमिनीत वीज सोडायला निघाला. मी म्हटलं, एवढंच ना? मडकं घेताना आमी टिचकी मारून कान देतो, त्यातलाच प्रकार. तो खूश झाला. म्हणाला, तेच, फक्त तुमचं मडकं लगेच बोलतं, माझी जमीन फार आढेवेढे घेते.

बाहेरच्या दोन खुंट्यांतून तो वीज सोडायचा, मधल्या दोन खुंट्या पेटीला जोडलेल्या. खाली कोरडा कातळ असला तर वीज अडते, ओल असली तर सुरकन जाते, नी पेटीतला काटा तसा हलतो. पण चैत्रातली माती इतकी सुकलेली की खुंटी तिला धड धरायचीच नाय. म्हणून तो खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचा. मिठाच्या पाण्यातून वीज झकास जाते म्हणे. आता मीठ कोणाचं? माझं.

नी मिठावरून माझं डोकं आधीच फिरलेलं. दरसाल पावसाआधी पेणचा आबाजी मिठाची गाडी घेऊन यायचा. त्याच्याकडून वर्षाचं पोतं घ्यायचं, पडवीत फळीवर ठेवायचं, ही आमची रीत. गेल्या सालचं पोतं मात्र दिवाळीच्या आतच गायब. मी माहेरी, चौक गावाला गेले होते, परत येऊन बघते तर फळी रिकामी. आमच्या ह्यांना विचारलं. (नाव मी घेत नाय, गाव त्यांना सहदेव म्हणतं.) ते म्हणाले, मिठाला पाणी सुटलं, पोतं कुजलं, टाकून दिलं. झालं. कर्जतच्या बाजारात आबाजी दिसला तशी मी त्याची भर रस्त्यात खरडपट्टी काढली, की पाणी मारून वजन वाढवतोस, गिऱ्हाईक काय आंधळं वाटलं का? तो बिचारा शपथा घेत राहिला. मी ऐकते कशाला. तेव्हापासून दुकानातून पुडीनं मीठ आणत होते नी दर पुडीला त्याचा उद्धार करत होते.

मी माहेरी होते त्याच दिवसांत आमचा चांद्या गेला. कपाळावर पांढरा चांद असलेला बैल, हरण्याच्या जोडीचा. आमच्यात बैलाला उघड्यावर टाकत नाय. बांधाकडेला खड्डा खणायचा, हळदकुंकू लावायचं, वरून मूठभर मीठ टाकायचं नी माती लोटायची. करंजाखाली त्याला ठेवला. खड्डा खणायला चौघं आले, पण माती लोटायला ह्यांनी कोणाला थांबू दिलं नाय, असं शेजारची गौराबाई मला सांगत होती. त्यानंतर संध्याकाळी शेतावरून येताना हे करंजाखाली घटकाभर बसायचे. मी बसू द्यायची. माणसाला बसायला जागा लागते.

तर खुंटीसायबाचं सगळं शिवार ठोकून झालं. काटा कुठं जेमतेम, कुठं मुळीच नाय. वाडीची तोंडं उतरली. शेवटी करंजाखाली खुंट्या लागल्या, नी काटा असा सरकला की सायबानं चष्मा पुसला, वायरी काढून परत जोडल्या, पुन्हा बघितलं. इथं कोणी काय पुरलंय का, त्यानं विचारलं. गौराबाईनं सांगितलं, बैल हाय, वर रीतीचं मूठभर मीठ. तो म्हणाला, बैलानं नी मूठभर मिठानं एवढं होणार नाय, खाली पाणीच दिसतंय.

गौराबाईनं घरातून नारळ आणून तिथल्या तिथं फोडला. बाया एकमेकींना कुंकू लावायला लागल्या. नी आमचे हे गेले नी खुंट्यांच्या मधोमध मांडी घालून बसले. इथं खणायचं नाय, म्हणाले. बस्स.

लोकांनी समजूत घातली. हाडं मानानं दुसरीकडं नेऊ, वाजत नेऊ, चांद्याच्या नावानं विहीर होईल. हे जागचे हलेनात. मला आधी वाईट वाटलं, मग संताप आला. माझ्या डोक्याला हंड्याचा घट्टा पडलेला. मी सगळ्यांदेखत म्हटलं, मेलेल्या बैलापायी जित्या बायांनी नदीवर मरायचं का? त्यांनी माझ्याकडं बघितलं, नी ते डोळे बघून मी बोलले त्याचं मलाच दुखलं. पण मागं घेतलं नाय, कारण ते खोटं नव्हतं.

सायब माती झटकत उभा होता. आमच्या ह्यांनी खाली बघतच त्याला विचारलं.

"सायब, मिठानं बी काटा हलतो ना?"

"हलतो. पण मुठीमुठीनं नाही."

"नी पोतं असलं तर?"

सगळी वाडी माझ्याकडं बघाय लागली. पडवीतली रिकामी फळी माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. मग आबाजी उभा राहिला, भर बाजारात शपथा घेणारा.

"अख्खं पोतं?" मी विचारलं.

"अगं, इतकी वरसं चांद्याचं मीठ खाल्लं आपण," हे म्हणाले. "मूठभर टाकून माती लोटवंना मला."

सायबानं कपाळाला हात लावला नी हसत सुटला. लगेच खुंट्या उपटून करंजापासून जरा लांब ठोकल्या. काटा जागचा हलला नाय. खाली नुसता कातळ. म्हणाला, दादा, तुम्ही बोलला नसता तर सरकारची एकुलती एक विहीर मी मिठात खणली असती. मग परत सगळीकडं फिरला नी दोन दिवसांनी गौराबाईच्या गोठ्यामागं त्याला काटा पटला. तिथं आज विहीर हाय, चैत्रातही कंबरभर पाणी असतं. गौराबाई तेवढी तोऱ्यात असते, विहीर जशी तिच्या माहेरून आंदण आली.

त्या दिवशी घरी येताना मी ह्यांच्यापुढं चार पावलं चालत होते. भांडायचं ठरवलं होतं, वाटेत शब्दही जुळवले होते. पण घरी आल्यावर बघितलं, हे गोठ्यात हरण्याच्या गळ्याखाली खाजवत उभे. म्हातारा झालाय हरण्या, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. माझे जुळवलेले शब्द तसेच राहिले. एवढा माणूस माझ्या घरात राहतो नी मला त्याच्यातलं पोतंभर ठाऊकच नव्हतं, म्हणून मला चुलीपुढं रडू आलं.

त्याच वैशाखात आबाजीची गाडी आली. माझ्या दारावरून तो मान खाली घालून पुढं चालला होता. मी आडवी गेले, झालेलं सगळं सांगितलं, माझं चुकलं म्हटलं. तो गालात हसला नी म्हणाला, मग ताई, पाणी मारलेलं देऊ का कोरडं? मी म्हटलं, गप बस नी दोन पोती उतरव.

हे पोतं घ्यायला बाहेर आले.

"दोन कशाला गं?"

"एक घरात. एक माळ्यावर राहू दे, हरण्यासाठी."

 दुसऱ्या पोत्याला ह्यांनी आबाजीचा हात लागू दिला नाय, ते स्वतःच्या पाठीवर घेतलं नी माळ्यावर नेऊन ठेवलं.