वस्तादांच्या पाठीची माती

"नानासो, ह्यो मीच का रं?" गुंडा वस्तादांनी पडद्याकडे बोट केलं.

तेच होते. विट्यातल्या माझ्या गेम झोनमध्ये अर्धी तालीम जमली होती. कुस्तीचा नवा कन्सोल गेम त्याच दिवशी बाजारात आला होता आणि त्यात आमचे वस्ताद होते. कंपनीने त्यांना पुण्याला नेऊन, अंगाला पांढऱ्या गोळ्या चिकटवून त्यांचे डाव कॅमेऱ्यात उतरवून घेतले होते. उभ्या आयुष्यात या माणसाच्या पाठीला कुणी माती लावली नाही. कमाई म्हणाल तर तेवढीच.

पडद्यावरचे वस्ताद वाकले, माती कपाळाला लावून सलामी दिली आणि धाडकन उताणे पडले. समोरचा पैलवान चार हात लांब उभा, तरी तोच जिंकला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मी कवा असा पडलो रं?" वस्ताद म्हणाले.

मी कंपनीला फोन लावला. "सर, तो बग आम्हाला माहीत होता," पलीकडचा गोड आवाजात म्हणाला. "पण दिवाळीआधी रिलीज करणं भाग होतं. अपडेट येईल ना."

माहीत होता म्हणे. आमचा टपरीवाला तडा गेलेला कप गिऱ्हाइकाला देत नाही, फेकून देतो. यांनी मोडका माणूस विकायला काढला, वर खोका चकचकीत. लाज कोळून प्यालेली जात.

उताण्या वस्तादांचा व्हिडिओ उंब्रजपासून कवठे महांकाळपर्यंत पोचला. बाजारात ओळखदेख नसलेले म्हणू लागले, "आवं वस्ताद, सलामी द्या की." वस्तादांनी बाजाराला जायचं सोडलं.

गिऱ्हाइकांनी गेम परत केले. लय तोटा झाला म्हणून कंपनीत रडारड झाली म्हणे. रडा लेको. तुमचा तोटा पुढच्या दिवाळीत भरून निघेल.

अपडेट आलं, तेव्हा मी वस्तादांना बोलावून आणलं. गेममधल्या पैलवानांची यादी वरून खालपर्यंत बघितली. वस्ताद नव्हतेच. फोन केला तर तोच गोड आवाज. "प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला सर. ते कॅरेक्टरच काढून टाकलं."

"काय म्हनतोय?"

"तुमास्नी काढलं, वस्ताद."

"आन् त्यो पडल्याला?"

"त्यो हाय लोकांच्या मोबाइलवर. त्यो न्हाई निघायचा."

वस्ताद उठून तालमीकडे निघाले. मला राहवेना, मी मागोमाग गेलो. आखाड्यात उतरताना हा माणूस कधी कुणाकडे बघायचा नाही. वाकायचा, माती कपाळाला लावायचा, कामाला लागायचा. आज ते काठावर वाकता वाकता थांबले आणि वळून दाराकडे बघितलं. दारात मी होतो.

"नानासो, भाईर थांब जरा. दार वढून घे."

मी दार ओढून घेतलं आणि तिकडे पाठ करून उभा राहिलो.