विनाअपघात चौतीस वर्षं

वच्छलाबाईंच्या नवऱ्याचं एक आवडतं वाक्य होतं. "चौतीस वर्षं एस्टी चालवली, एकही अपघात नाही." हे वाक्य ते लग्नात म्हणत, मयतीत म्हणत, डॉक्टरने रक्तदाब मोजायला घेतला तरी म्हणत. निवृत्तीच्या वेळी मिळालेला बिल्ला अजून त्यांच्या सदऱ्यावर असे. अकोल्याहून नातीच्या बारशाला निघतानाही तो होताच. वच्छलाबाईंच्या मांडीवर आहेराची पितळी परात होती.

लेकीचं, प्रणालीचं सासर वर्धा नदीच्या पलीकडे, कौंडण्यपूरच्या समोर. बारसं सकाळी दहाला. बस वाटेत बिघडली (दुसऱ्याने चालवलेली, हे सूर्यभानरावांनी चारदा सांगितलं) आणि घाटावर पोचेपर्यंत अंधार पडला. नावेतून पलीकडे नेणारा देवराव डोंगेवाला घरी निघाला होता. दिवे लागले की डोंगा खुंट्याला बांधायचा आणि तो रेटायचा बांबू खांद्यावर टाकून घरी न्यायचा, हा त्याचा रोजचा नेम. म्हणजे रात्री कोणी उपद्व्याप करायला नको.

"रेतीवाल्यायनं नदीत विहिरीएवढे खड्डे करून ठेवले," देवराव म्हणाला. "खाली बंधाऱ्यावरून पाणी पडून राहिलं. दिवसा मी खड्डे चुकवत नेतो, रात्री ते मलेबी दिसत नाहीत. माह्या घरी मुक्काम करा. सकाळी सहाले पयली खेप तुमची."

वच्छलाबाईंना हे पटलं. पटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तिथंच सगळं बिघडलं. बायकोला पटलेली गोष्ट सूर्यभानरावांना कधी लगेच पटत नसे.

देवराव घरी सांगायला पुढे गेल्यावर ते घाटावर फिरून आले ते हातात बांबू घेऊनच. कौंडण्यपूरची जत्रा उठून आठ दिवस झाले होते, पण एका खेळण्यांच्या दुकानाचा मांडव तसाच उभा होता. आता तो तीन पायांवर होता.

"रातराणी चालवली मी," ते डोंगा सोडत म्हणाले. "घाटात धुकं राहे, तवा का सकाळची वाट पाहत बसलो?"

"घाटात बिरेक लागते," वच्छलाबाई म्हणाल्या. "पाण्याले कुठं लागते?"

पण त्या बसल्या. संसाराच्या अडतीस वर्षांत वाद घालून त्यांची गाडी एकदाही थांबली नव्हती. पोहता दोघांनाही येत नव्हतं, हे मात्र त्यांनी बसता बसता बोलून दाखवलं.

सूर्यभानरावांनी मोबाइलचा टॉर्च लावून तो डोंग्याच्या टोकाला रुमालाने बांधला. हेडलाइट झाला. त्याच्या उजेडात दोन हात पाणी लख्ख दिसू लागलं आणि बाकीची नदी होती त्यापेक्षा काळी झाली. पहिल्या दहा-बारा रेट्यांना बांबू तळाला लागत होता. मग एका रेट्याला तो नुसताच खाली गेला, जातच राहिला आणि हातातून सुटला. रेतीचा खड्डा. बांबू कुठे वर आला कोण जाणे, डोंगा मात्र फिरला आणि धारेला लागला.

"घाबरू नको," ते म्हणाले. "परात दे."

नातीच्या परातीने ते पाणी मारू लागले. पलीकडे एक दिवा दिसत होता. "तो घाट. सरळ त्याच्यावर घ्यायचं." वच्छलाबाईंनी दिव्याकडे पाहिलं. दिवा डावीकडे गेला. थोड्या वेळाने उजवीकडे आला.

"अवो, तुमचा घाट चालून राहिला."

तो घाट नव्हताच. हरभऱ्यात रानडुकरं शिरू नयेत म्हणून कोणीतरी जागलीला बसला होता आणि डोक्याला बॅटरी बांधून बांधावर फेऱ्या मारत होता. हे नीट पाहायला सूर्यभानराव उभे राहिले. परात डोंग्यात पडली आणि ते पाण्यात.

डोंग्याची कड त्यांच्या हाताला लागली म्हणून ते होते. वच्छलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. ओढावं तर डोंगा कलंडून आत पाणी येत होतं. खाली बंधाऱ्याचा आवाज आता गिरणीसारखा ऐकू येऊ लागला. वच्छलाबाईंनी दुसऱ्या हातातल्या पाटल्या परातीवर जोरजोरात आपटल्या.

काठावरून लगेच उत्तर आलं. डबा वाजला, ठण ठण ठण. त्यांना हायसं वाटलं. मग दिवा विझला.

वच्छलाबाई स्वतः शेतकऱ्याच्या घरातल्या, त्यांना तेव्हाच उमगलं. एका शेतात डुकरं हाकलायला डबा वाजला की शेजारच्या शेतातूनही वाजवायचा, ही जागलीची रीत. त्याने शेजारधर्म पाळला होता आणि निवांत खाटेवर आडवा झाला होता.

डुकरं हाकलताना कोणी कधी ओरडणार नाही, असं काय ओरडावं? वच्छलाबाईंना एकच गोष्ट सुचली. लग्नातल्या उखाण्यानंतर ती त्यांनी कधी तोंडातून काढली नव्हती. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आजीने बजावलं होतं.

"सूर्यभान वानखडे बुडून राहिले हो! अकोल्याचे सूर्यभान वानखडे! सूर्यभान!"

दिवा लागला. धावत धावत पाण्याशी आला.

"इवाई?" काठावरून आवाज आला. तो व्याही शालिकरामचा होता. उद्या घरात बारसं असलं तरी डुकरांना त्याची पत्रिका गेली नव्हती, म्हणून बिचारा जागलीलाच होता. "ईनबाई, उभ्या राहू नका. खाली बसून ऱ्हा."

त्याने मोटरीच्या दोराला रिकामी कॅन बांधून फेकली. तिसऱ्या फेकीला ती वच्छलाबाईंच्या हाती लागली आणि त्याने दोर ओढून दोघांना डोंग्यासकट काठाला घेतलं. बंधारा तिथून शंभर पावलंसुद्धा नव्हता.

सकाळी बारशाला बायकांनी वच्छलाबाईंना नाव घ्या म्हणून धरलं. "राती घेतलं," शालिकराम म्हणाला. "आख्ख्या नदीनं ऐकलं."

सगळे हसले. जावयाचा सदरा घालून बसलेले सूर्यभानराव हसले नाहीत. पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारलं, "तुमी एस्टीत होते ना?"

"चौतीस वर्षं," ते म्हणाले आणि थांबले. बिल्ला त्यांच्या मुठीत होता. "एक अपघात."

"तो पाण्यातला," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या. "तो काहून धरता?"

"धरा लागते," ते म्हणाले. "गाडीत तू होती."