तुळशीरामची स्टेप

खाडीकाठच्या आमच्या गावात हळदीला न पिणारा माणूस आजारी समजतात. तुळशीराम जन्मात कधी प्यायला नव्हता, त्यामुळे गावाला त्याचं कायम टेन्शन.

पुतण्याच्या हळदीला तो मांडवात शिरला तोच झुलत. एक पाय इकडे, दुसरा भलतीकडे. सरबताचा ग्लास तोंडाकडे नेला, तर सरबत कानात गेलं. गाव खूश. मेहुणा वामनला तर रडूच आलं, तुळशीरामला पाजायची त्याची इतक्या वर्षांची मेहनत फळाला आली होती. डीजेनं आवाज वाढवला, मोबाईल निघाले. पडू नये म्हणून तुळशीरामनं दोन्ही हात पसरले, पोरांनी ती स्टेप उचलली.

"पाय ऐकत नाय," तो जड जिभेनं सांगत होता.

"आमचे पन नाय," पोरं बोलली.

घरी बायकोनं, दमयंतीनं, त्याच्या तोंडाचा वास घेतला. नुसता लिंबाचा.

तुळशीराम न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला. तिथं गेटवर दारू पकडायला फुंकायचं मशीन असतं. दुसऱ्या दिवशी मशीननं शून्य दाखवलं. वॉचमननं झुलणाऱ्या तुळशीरामकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि मशीन रिपेअरला पाठवलं. तुळशीरामला घरी.

मग त्याला साधं पाणी पितानाही ठसका लागायला लागला. वामननं सल्ला दिला, नवशिक्याला असं होतं, सकाळी थोडी पाज, उतरेल. दमयंतीनं वामनलाच घराबाहेर काढलं आणि नवऱ्याला रिक्षात घालून वाशीच्या हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर राजलक्ष्मींनी विचारलं, हे सुरू कधी झालं. दमयंतीनं लाजत हळदीचा व्हिडिओ दाखवला. डॉक्टरांनी आवाज बंद केला, चित्र मोठं केलं. मग व्हिडिओ मागे नेऊन परत बघितला.

"पाय सोडा. डोळे बघा."

डोळे जाळ्यात सापडलेल्या मासळीसारखे तडफडत होते.

"हा माणूस नाचत नाहीये, ताई. मेंदूला सूज आलीय."

त्यांनी समजावलं. आजारांशी लढणारी शरीरातली फौज त्याच्याच मेंदूवर उठली होती, तोल सांभाळणाऱ्या भागावर. फार क्वचित होतं असं. अजून थांबला असता तर आधी गिळणं गेलं असतं, मग श्वास. त्यांनी पाठीतून पाणी काढून तपासायला पाठवलं, पण रिपोर्टची वाट न बघता स्टिरॉइडच्या सलाईन सुरू केल्या. तेवढ्यानं भागेना, म्हणून मशीन लावून रक्त गाळलं. हळूहळू तुळशीरामच्या बोटाला स्वतःचं नाक परत सापडायला लागलं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या, हे उलटू शकतं. लक्ष ठेवा.

इकडे 'तुळशीराम स्टेप' शेजारच्या गावांतही पोचली होती.

पुढची हळद वामनच्या मुलीची, पायलची. डीजे लागला, पोरांनी हात पसरले आणि मध्ये तुळशीरामला ओढलं. तोही झुलायला लागला. मांडव हसला.

दमयंती गर्दीतून घुसली आणि मोबाईलचा टॉर्च थेट त्याच्या डोळ्यांवर मारला.

"अगो, आज खरंच नाचतोय मी."

"त्या दिशी पन सगले हेच बोलत व्हते," ती म्हणाली. टॉर्च तिनं बंद केला नाही.