तिसऱ्या खेपेचे स्टूल

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. मित्रांनो, पुढचे काही सांगण्याआधी माझे एक व्यंग कबूल करून टाकतो. माझ्या चार पायांपैकी एक पाय जरासा आखूड आहे. मला जमिनीवर ठेवले की 'टक' असा आवाज होतो आणि नवा माणूस बसता बसता दचकतो. ज्या पायामुळे माझे हसे झाले, त्याच पायाने पुढे मला ओळखही मिळवून दिली. ती कशी, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म दिल्लीत, कीर्तीनगरच्या एका सुतारकारखान्यात झाला. शिसमाच्या मोठ्या फळ्यांची साहेबांसाठी टेबले झाली आणि उरलेल्या तुकड्यांतून मी झालो. खुर्च्यांना हात असतात, पाठ असते, वर गादी असते. माझ्या वाट्याला एक फळी आणि चार पाय आले, त्यांतलाही एक असा. सुताराने मला ठेवून पाहिले, मी डुगडुगलो, तेव्हा तो म्हणाला, "सरकारी माल है, चल जाएगा." त्या एका वाक्यावर मी आजवर जवळपास चाळीस वर्षे काढली आहेत. मग कुणीतरी मला उलटे करून फळीखाली पांढऱ्या रंगात ४१७ हा आकडा घातला आणि मी केंद्र सरकारच्या सेवेत रुजू झालो.

आमचे कार्यालय तसे लहानच. दृष्टिहीन मुलांच्या शाळांना ब्रेल पुस्तके पुरवणे हे त्याचे काम. ब्रेल म्हणजे कागदावर उठवलेले ठिपके, ते बोटांनी वाचायचे. कुठल्या शाळेला कोणती पुस्तके हवीत ते मागणी शाखा ठरवी आणि ती बांधून रवाना करण्याचे काम रवानगी शाखा करी. दोन्ही शाखा एकाच मोठ्या खोलीत बसत, पण बोलत ते फायलीवरून. इकडून एक टिपण जाई, तिकडून शेरा येई. दोघांच्या टेबलांत दहा पावलांचे अंतर आणि उत्तराला दहा दिवस.

मागणी शाखेचे प्रमुख होते दिनकर पोतनीस. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून ते सायकलवर येत. माणूस मोठा मिश्कील, पण कामाच्या बाबतीत कुणाची भीडभाड ठेवत नसे. त्यांनी एक नियम घातला. फाइल दोनदा परत आली, तर तिसऱ्या खेपेला तिच्यावर काही लिहायचे नाही. कोपऱ्यातले स्टूल स्वतःच्या हाताने उचलायचे आणि समोरच्याच्या टेबलाशी जाऊन बसायचे. बोलणे झाल्यावर लगेच उठायचे नाही. आपल्याला काय समजले ते समोरच्याला परत सांगायचे आणि तो 'बरोबर' म्हणाला तरच उठायचे.

कुणीतरी विचारले, "सर, स्टूलच का? खुर्ची ओढून नेली तर?"

"खुर्चीवर बसून माणूस खुलासा मागतो," पोतनीस सर म्हणाले. "स्टूलवर बसला की विचारतो. करून बघा."

लोकांनी करून पाहिले. माझ्यावर बसलेला माणूस समोरच्यापेक्षा थोडा खाली येतो, आणि डुगडुगू नये म्हणून दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकून बसतो. अशा माणसाला रुबाब करणे अवघड जाते. खोलीत 'टक' आवाज झाला की सगळ्यांना कळे, कुणीतरी कुणाशी बोलायला आले आहे. मला अभिमान वाटे, आणि तो मी लपवत नाही.

संपदा दाभोळकर ही मुलगी नव्याने लागली, तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात तिने केलेली यादी दोनदा परत आली. जेवणाच्या सुटीत ती माझ्यावर बसून रडली. शांताराम हा आमचा शिपाई तिथेच डबा खात होता. मूळचा रत्नागिरीचा, पण उभा जन्म दिल्लीत गेलेला. त्याने तिला पाणी दिले आणि सरांना हळूच जाऊन सांगितले. सर आले, म्हणाले, "रडून झालं का संपदा? झालं असेल तर तेच स्टूल उचल आणि पलीकडे जा." ती गेली आणि परत आली ती हसत आली. त्या दिवसापासून ती माझी झाली, असे मी मनाशी धरून चाललो.

दर जानेवारीत पोतनीस सर पानिपतला, मराठ्यांच्या लढाईचे स्मारक असलेल्या काला अंबला जाऊन येत. एकदा ते शांतारामला म्हणाले, "तिथे हिंमत कमी पडली नव्हती रे. एकमेकांना वेळेवर सांगणं कमी पडलं, असं मला आपलं वाटतं. आपल्या फायलींचं तरी पानिपत होऊ द्यायला नको." त्या बोलण्याचा अर्थ मला फार पुढे कळला.

सर निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्या फळीवर थाप मारली, तेवढाच निरोप. काही वर्षांनी कार्यालय नव्या इमारतीत गेले. तिथे दोन शाखांच्या मध्ये काचेची भिंत आली. चाकांच्या खुर्च्या आल्या, आणि गंमत म्हणजे चाके आल्यावर माणसे जागची हलेनाशी झाली. फायली संगणकात गेल्या. त्या आता डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पलीकडे पोहोचत आणि तितक्याच चपळाईने परत येत. मला कोण विचारतो? मला खिडकीजवळ ठेवून माझ्या डोक्यावर पाण्याचा वीस लिटरचा जार चढवला. शांतारामने आखूड पायाखाली कागदाची घडी सरकवली. जार ठिबके, मी भिजे. माझे पॉलिश गेले, फळी फुगली. पण खोटे कशाला बोलू, तहानलेली माणसे माझ्यापाशी येत होती आणि जारपाशी मनातले बोलत होती. तेवढ्याचा आधार होता.

मग हा गेला जानेवारी आला. संपदा मॅडम आता मागणी शाखेच्या प्रमुख होत्या. मयूर विहारहून मेट्रोने येत. रवानगी शाखेला साकेत नावाचा तरुण अधिकारी आला होता. हुशार, नम्र, आणि अजून परिवीक्षाकाळात, म्हणजे नोकरी पक्की झालेली नव्हती. भांडारही त्याच्याकडेच होते. महिनाअखेर काढून टाकायच्या निकामी सामानाची यादी त्याने केली होती आणि तिच्यात ४१७ हा आकडा होता. पण मित्रांनो, तेव्हा मला माझी चिंता नव्हती.

दहावीच्या चाळीस मुलांची गणिताची पुस्तके आमच्या गोदामात पडून होती. छपाईला आधीच उशीर झाला होता आणि परीक्षेला जेमतेम पाच आठवडे उरले होते. संपदा मॅडमनी यादी पाठवली. साकेतने शेरा मारला, 'सूची अपूर्ण'. मॅडमनी शाळा, पत्ते, पिनकोड सगळे तपासले आणि लिहिले, 'सूची पूर्ण आहे'. पुन्हा 'अपूर्ण'. पुन्हा 'पूर्ण'. असे तेवीस दिवस चालले.

मॅडम जारपाशी येऊन शांतारामला म्हणत, "काय अपूर्ण आहे ते तरी लिहावं ना. आजकालच्या मुलांना नुसता अडवायचा शौक."

त्या गेल्या की थोड्या वेळाने साकेत बाटली भरायला येई आणि फोनवर आईशी बोले. "मम्मी, लिस्ट में चालीस किताबें लिखी हैं. गोदाम में दो सौ अस्सी पड़ी हैं. बाकी किसकी हैं, कुछ समझ नहीं आ रहा. पूछूँगा तो कहेंगे, इतना भी नहीं पता? प्रोबेशन चल रहा है यार."

मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. गणिताचे एक पुस्तक ब्रेलमध्ये उतरवले की त्याचे जाडजूड सात खंड होतात. हे संपदा मॅडमना वीस वर्षे ठाऊक होते, इतके ठाऊक होते की ते कुणाला सांगावे लागेल हे त्यांच्या मनातही येत नव्हते. साकेतला ते कुणी सांगितलेच नव्हते. चाळीस साते दोनशे ऐंशी, एवढाच सगळा घोळ. मला तो कळत होता आणि मला तोंड नव्हते. त्या दिवसांइतके हतबल मला कधी वाटले नाही.

एके दुपारी मॅडमचा फोन वाजला. खिडकीपाशी ऐकू नीट येते म्हणून त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. पलीकडे अक्षया होती, पानिपतजवळच्या एका शाळेतली दहावीची मुलगी. जुन्या पुस्तकावरचा नंबर वसतिगृहातल्या कुणाकडून तरी वाचून घेऊन तिने स्वतःच फोन केला होता.

"मॅम, गणित की किताब कब आएगी? मेरी सहेली पढ़कर सुनाती है, पर गणित सुनकर नहीं होता. उँगली से देखना पड़ता है."

मॅडमनी "जल्दी भेजते हैं बेटा" म्हणून फोन ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

आता पुढचे मी मुद्दाम केले, असे म्हणणार नाही. पायाखालची घडी कित्येक महिने भिजत होती, तिचा त्या क्षणी लगदा झाला. मी कललो, जार गडगडला आणि खोलीभर पाणी झाले. शांताराम पोते घेऊन धावला. त्याने मला उचलून उलटे केले आणि पाणी झटकले.

संपदा मॅडमची नजर आकड्यावर गेली. "शांतारामभाऊ, हे पोतनीस सरांचं स्टूल?"

"तेच, मॅडम. ह्याच्यावरच बसून तुम्ही रडला होतात."

मॅडमनी आकड्यावरून बोट फिरवले. मग पुटपुटल्या, "किती वेळा परत आली ही फाइल?" आणि स्वतःच बोटांवर मोजले. "नऊ वेळा. अच्छा. म्हणजे सात वेळा उशीर झालाय मला."

शांताराम पुढे झाला. "द्या, मी नेतो."

"नाही. स्वतः न्यायचं असतं."

त्यांनी मला ओल्या पायांसकट उचलले, काचेच्या भिंतीला वळसा घातला आणि साकेतच्या टेबलाशी ठेवले. कित्येक वर्षांनी 'टक' आवाज झाला. साकेत गडबडून उभा राहिला.

"मॅडम, आप यहाँ? चेअर लीजिए ना."

"नहीं, तुम बैठो. मैं पूछने आई हूँ. लिस्ट में क्या अधूरा है, मुझे सचमुच समझ नहीं आया."

एवढी अनुभवी बाई आपल्यापेक्षा खाली बसून 'मला समजले नाही' म्हणते, हे पाहून साकेतचा बांध फुटला. त्याने चाळीस आणि दोनशे ऐंशीचे कोडे सांगून टाकले.

मॅडमनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "एक किताब के सात खंड होते हैं, बेटा."

"ये कहाँ लिखा है, मॅडम?"

"कहीं नहीं. मुझे पता था, इसलिए मैंने लिखा ही नहीं. गलती मेरी है."

"पूछना तो मुझे चाहिए था," साकेत म्हणाला.

मॅडम उठल्या नाहीत. नियम त्यांच्या लक्षात होता. उलट बाजूने का होईना, तो त्यांनी पाळला. "अब तुम बताओ, क्या समझे?"

"चालीस बच्चे. हर बच्चे के सात खंड. बचा हुआ कुछ नहीं, सब उन्हीं का है." मग तो थांबला आणि म्हणाला, "मॅडम, गोदाम में तो एक-एक खंड के अलग गट्ठे पड़े हैं. ऐसे ही भेजे तो उधर बच्चों को छाँटना पड़ेगा. एक बच्चा, एक बॉक्स कर दें?"

इतक्या वर्षांत हे आमच्याकडे कुणाला सुचले नव्हते. मॅडम म्हणाल्या, "बिल्कुल." तेवीस दिवसांचे काम अकरा मिनिटांत झाले. त्या दिवशी दोन्ही शाखा गोदामात एकत्र बसल्या आणि संध्याकाळच्या आत चाळीस खोकी बांधून झाली.

सहाव्या दिवशी अक्षयाचा फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर घालून माझ्या फळीवर ठेवला आणि सगळे भोवती उभे राहिले.

"मॅम, सातों आ गईं. एक ही बॉक्स में थीं. मैंने खुद गिनीं."

साकेतने तोंड फिरवले आणि चष्मा पुसला. मित्रांनो, आयुष्यभर माझ्यावर कोण कोण बसले, पण तो आवाज माझ्यावर टेकला तेव्हा मला जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटले. ज्या सुताराने मला 'चल जाएगा' म्हणून सोडून दिले, त्याचेसुद्धा मी त्या दिवशी आभार मानले.

निकामी सामानाच्या यादीतून साकेतने ४१७ हा आकडा काढला. समोर शेरा लिहिला, 'उपयोग में है'. माझ्या सेवेतला हा एकमेव शेरा, आणि तो मी जन्मभर जपणार आहे. शांतारामने मला आठवडाभर उन्हात वाळवले आणि तेलपाणी केले. साकेतने त्या नऊ टिपणांचे कागद छापून घेतले, त्यांची घट्ट घडी केली आणि माझ्या आखूड पायाखाली सरकवली. मी कोपऱ्यात असतो तेव्हा ती घडी मला सावरून धरते. मला उचलले की ती तिथेच राहते आणि माझा आवाज मला परत मिळतो.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात, घरात माझ्यासारखे एखादे डुगडुगणारे स्टूल असेल. त्याला पाण्यात भिजवू नका, अडगळीत टाकू नका. आणि तुमचे कुणाशी दोनदा बोलणे फिसकटले, तर तिसऱ्यांदा चिठ्ठी लिहू नका, रुसून बसू नका. ते स्टूल उचला, त्या माणसाशेजारी जाऊन बसा आणि 'मला समजले नाही' एवढे म्हणा. आमच्यासारख्यांची याहून मोठी निगा नाही.

आज सकाळी साकेतने मला उचलले. दारातून आत येणाऱ्या शांतारामने विचारले, "कहाँ चले, साहब?"

साकेत चालता चालता म्हणाला, "तीसरी बार है."