पाचवं नख

पत्रकाच्या दुसऱ्या पानाखालची तळटीप वाचली आणि भिंगबाईंनी टेबलावर असा हात आपटला की कप बशीतून उडाला. चहा पत्रकावर सांडला, तोही त्यांनी पुसला नाही. त्या पत्रकाची तेवढीच लायकी होती.

भिंगबाई हे त्यांना छापखान्यानं दिलेलं नाव. तीस वर्षं त्यांनी तिथं मुद्रितं तपासली होती. लोक मथळा वाचून पान उलटतात, या बाई भिंग लावून तळटिपा वाचायच्या. निवृत्त झाल्या तरी सवय गेली नाही. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही त्या डोळ्यांत तेल घालून वाचून काढत.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं. त्याला सगळी गल्ली टर्नर म्हणायची. वयाच्या अडतिसाव्या वर्षी कारखान्यात लेथवर उजवा हात गेला, कोपराच्या खाली काही उरलं नाही, पण नाव उरलं.

"ऐका," भिंगबाई म्हणाल्या. "साठीच्या आतल्या प्रत्येक अपंग भत्तेवाल्याची नव्यानं तपासणी होणार. शंभरातले सत्तर गुण मिळाले की माणूस कामाला सक्षम. सक्षम ठरला की भत्ता बंद. हे झालं वर. आता खाली मुंगीच्या अक्षरात काय लिहिलंय? भत्ता बंद झाला, तर भत्त्यावर काढलेली वर्षं पेन्शनसाठी धरली जाणार नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची एकोणीस वर्षं खोडली त्यांनी! अडतिसाव्या वर्षी तुम्ही लेथपाशी उभे होतात, तिथून थेट साठीत उडी मारलीत. मधे तुम्ही नव्हताच. भत्ता आत्ता जाणार आणि साठीनंतरचं पेन्शन निम्मं येणार. त्यात घरभाडंसुद्धा भागायचं नाही."

"बघू," टर्नर म्हणाले. आभाळ कोसळलं असतं तरी ते 'बघू'च म्हणाले असते. भिंगबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

तपासणीच्या दिवशी भत्ता कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी नवऱ्याला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. "आत जाऊन शौर्य गाजवू नका. जे जड जातं ते जड जातंय असं दिसू द्या. खोटं नाही सांगत मी, खरं तेवढंच दाखवा." टर्नरनी मान डोलावली होती. पाऊण तासानं ते बाहेर आले तेव्हा चेहरा असा फुललेला, की भिंगबाई बाकावरून उठून उभ्याच राहिल्या.

"एक्क्याण्णव!" टर्नर म्हणाले.

झालं होतं असं, की आत त्यांच्यापुढे एक लाकडी पाट ठेवला. त्यावर वीस बोल्ट, शेजारी वीस नट. एका हातानं बसवा म्हणाले, दहा मिनिटांत. टर्नरनी चार मिनिटांत बसवले. वर तपासनिसाला सांगितलं, "साहेब, सातव्या बोल्टचे आटे झिजलेत, बदलून घ्या." आणि टेबलाला लावलेला वस्तू पकडायचा शिकंजा डगमगत होता, तोही आवळून दिला. काम समोर आलं आणि मुद्दाम वाकडं केलं, हे त्या माणसाच्या हातून जन्मात झालं नव्हतं. ज्या फोरमननं त्यांना घडवलं, त्यानं बिघडवायचं कसं ते शिकवलंच नव्हतं.

"पेढे वाटू का गल्लीत?" भिंगबाई म्हणाल्या आणि घरी जाईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. अर्जदार सक्षम, भत्ता पुढच्या महिन्यापासून बंद, अपील करायचं असल्यास अमुक तारखेपर्यंत. त्या दिवशी मात्र भिंगबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"एकोणीस वर्षं तुमची नखं कापण्यात माझा जन्म गेला! आणि तुम्ही तिथं जाऊन पहिला नंबर काढून आलात!"

टर्नरनी मान वळवली. खिडकीतून बाहेर बघत राहिले.

नखांचं ते खरंच होतं. एरवी हा माणूस सगळं आपलं आपण करायचा. बटणांसाठी त्यांनी तारेचा आकडा केला होता. बटाटा सोलायला फळीवर खिळे उभे ठोकले होते, त्यात बटाटा रोवायचा आणि सोलायचा. बुटाची नाडी एका हातानं आणि दातानं अशी बांधायचे, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. पण ज्याला एकच हात आहे त्यानं त्याच हाताची नखं कशी कापावी? दर दुसऱ्या रविवारी भिंगबाई त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसायच्या, डावा हात मांडीवर घ्यायच्या आणि पाची नखं कापायच्या. तेवढा वेळ टर्नर दुसरीकडे बघायचे. या विषयावर दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं. त्या दिवशी झालं, ते असं.

पुढचा आठवडा भिंगबाईंनी त्या कार्यालयात चपला झिजवल्या. पहिल्या खिडकीनं तिसरीकडे पाठवलं, तिसरीनं सांगितलं संगणकावर बघा, संगणकानं सांगितलं खिडकीवर चौकशी करा. एका बाईनं त्यांच्या हातात 'आपले हक्क समजून घ्या' नावाची रंगीत पुस्तिका ठेवली. मुखपृष्ठावरच दोन चुका होत्या. भिंगबाईंनी तिथल्या तिथं पेन काढून त्या दुरुस्त केल्या आणि पुस्तिका परत केली. "हक्क नंतर समजून घेते," त्या म्हणाल्या, "आधी नियमांचं मूळ पुस्तक द्या." ते पुस्तक चौसष्ट पानांचं निघालं. देणाऱ्यानं हसून विचारलं, "एवढं सगळं वाचणार?" त्याला काय ठाऊक समोर कोण उभं आहे.

एकेचाळिसाव्या पानावर त्यांना हवं ते सापडलं. कलम चौदा. अपिलाच्या वेळी अर्जदाराच्या बाजूनं रोजच्या जगण्यातलं कुठलंही एक काम समितीपुढे करून दाखवता येईल, आणि समितीनं ते जसं घडलं तसं नोंदवलंच पाहिजे.

कुठलं काम, ते त्यांना शोधावं लागलं नाही. रविवार आला तेव्हा त्यांनी नेलकटर आपल्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "अपिलाच्या तारखेपर्यंत मी नखं कापणार नाही." का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर हा मानी माणूस घराच्या बाहेर पडला नसता.

टर्नरनी कारण विचारलं नाही. मागच्या गॅलरीत त्यांचं छोटं वर्कबेंच होतं, तिथं जाऊन बसले. अपिलाच्या तारखेपर्यंत रोज भर दुपारी कानस घासल्याचा आवाज येत होता. कुणाचा तरी नळ दुरुस्तीला आला असेल, असं भिंगबाईंना वाटलं.

अपिलाच्या पत्रात लिहिलं होतं, घरी वापरात असलेली साधनं सोबत आणावीत. टर्नरनी जाडजूड कापडी पिशवी भरली. अशा बाबतीत ते सांगितलेलं तंतोतंत करायचे.

अपिलाच्या खोलीत समितीचे तिघं होते. मधे अध्यक्ष, त्यांच्या डावीकडे डॉक्टरीणबाई, कोपऱ्यात संगणकापाशी कारकून. अध्यक्ष गोड बोलणारे होते, भिंगबाईंना तेच जास्त झोंबलं. त्यांनी बटणांचा तारेचा आकडा पाहिला, खिळ्यांची फळी पाहिली, मान डोलावली. "काका, तुम्ही तर आमच्यापेक्षा सक्षम आहात! घरी सगळं आपलं आपण करता ना?"

"हो," टर्नर म्हणाले.

भिंगबाईंना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. त्या उभ्या राहिल्या. "कलम चौदा," त्या म्हणाल्या आणि पर्समधून नेलकटर काढून टेबलावर ठेवला. "यांना यांच्या हाताची नखं कापायला सांगा."

डॉक्टरीणबाईंनी नजर खाली घातली. टर्नरचे कान लालबुंद झाले. पाच आठवड्यांची नखं वाढलेला तो हात टेबलावर होता, तो त्यांनी हळूच मागे घेतला. आपण काय केलं ते भिंगबाईंना त्या क्षणी कळलं, पण आता माघार घ्यायची नव्हती. जिंकायचंच होतं. त्या खुर्चीवरच्या गोड माणसाचं हसू पुसायचं होतं.

"थांब," टर्नर म्हणाले. पिशवीत हात घालून त्यांनी तळातून एक वस्तू काढली. वीतभर फळी, तिच्यावर दोन स्क्रूंनी बसवलेला नेलकटर, दांड्यावर कातड्याची गादी. फळी त्यांनी टेबलावर ठेवली, बोट पात्याखाली धरलं आणि उजव्या कोपरानं गादी दाबली. कट्.

"अरे वा!" अध्यक्ष खुर्चीतून उठलेच. "स्वतः केलंत?"

"कालच झालं. कागदावर चालवून बघितलं होतं." कट्. कट्.

भिंगबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे गॅलरीतला नळ तो हा! चौसष्ट पानं उलटीपालटी करून त्यांनी जो एक मार्ग काढला होता, तो त्यांच्याच नवऱ्यानं कानशीनं घासून बुजवला होता. चौथं बोट झालं. अंगठ्यासाठी टर्नरनी मनगट उलटं वळवलं, कोपर दाबलं, आणि त्यांचा खांदा एकदम आखडला. हात त्यांनी झटकन खिशात घातला.

"झालं," ते म्हणाले.

"उत्तम! लिहा," अध्यक्ष कारकुनाला म्हणाले. "अर्जदारानं आपली नखं स्वतः कापली."

"थांबा," भिंगबाई म्हणाल्या. त्यांनी भिंग काढलं आणि फळीवर वाकल्या. तीस वर्षांची सवय. "इथं चार तुकडे आहेत. पाचवं नख कुठंय?"

"बाई, वेळ संपलीये. बाहेर माणसं खोळंबलीत."

"जसं घडलं तसं लिहायचं, असा तुमचाच नियम आहे. चार लिहा."

"एका नखानं असा काय फरक पडतो?"

"तुमच्या एका तळटिपेनं आमची एकोणीस वर्षं गेली!" त्यांचा आवाज खोलीबाहेरच्या रांगेपर्यंत गेला. "तेव्हा नाही विचारलंत, एका ओळीनं काय फरक पडतो? अहो, हात काढा खिशातून."

टर्नर हलले नाहीत. खिशाच्या कापडावर डाग उमटत होता.

"कशाला केलंत हे?" आता त्या नवऱ्यावर उलटल्या. समिती, साहेब, सगळ्यांचं भान सुटलं. "कुणी सांगितलं होतं? मी इथं तुमच्यासाठी भांडतेय, आणि तुम्ही—"

"तू म्हणालीस ना," टर्नर हळू आवाजात म्हणाले, "जन्म गेला म्हणून. मग तू कापायचंही सोडलंस. मला वाटलं, आता तुला नको झालंय. तुझा रविवार तरी मोकळा होईल."

छापखान्यात मालकाला गप्प करणारी बाई, तिला स्वतःचंच वाक्य गिळता येईना आणि परतही घेता येईना.

टर्नरनी बायकोकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून हात काढला आणि टेबलावर, अध्यक्षांच्या कागदांच्या अगदी कडेला, उताणा ठेवला. अंगठ्याचं मांस नखाच्या कडेनं कापलं गेलं होतं.

"साहेब," ते म्हणाले, "मला जमत नाही."

अध्यक्षांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"शर्ट घालायला मला वीस मिनिटं लागतात. इथं अकराला यायचं म्हणून पाचला उठलो. बोल्ट जमतात, कारण ते माझं काम होतं. त्या एक्क्याण्णव गुणांवर मला आता लेथवर उभं कोण करणार? तुम्ही करता?" त्यांचा आवाज चढला. एकोणीस वर्षांत भिंगबाईंनी तो चढलेला ऐकला नव्हता. "जमतं जमतं म्हणून मी एवढी वर्षं काढली. नाही जमत. लिहा."

डॉक्टरीणबाईंनी कापूस आणायला सांगितलं आणि अध्यक्षांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी अध्यक्षांनी चष्मा पुसला, आणि भत्ता साठीपर्यंत चालू ठेवावा, वर्षं पेन्शनला धरावीत, अशी शिफारस सांगितली. आता त्यांच्या आवाजात गोडवा नव्हता. कारकुनानं कागद छापून भिंगबाईंपुढे सरकवला. "सोबतच्या व्यक्तीनं वाचून सही करायची."

भिंगबाईंनी भिंग धरलं. सगळं पान वाचलं, वरपासून तळापर्यंत. तळटीप नव्हती. मधोमध एक ओळ होती: अर्जदारास स्वतःचे नख कापणे जमत नाही, असे अर्जदाराने स्वतः सांगितले.

ओळीत चूक नव्हती. काना, मात्रा, स्वल्पविराम, सगळं जागच्या जागी होतं. याच ओळीसाठी त्या दोन महिने भांडल्या होत्या. शेजारी टर्नर अंगठ्याला कापूस धरून दुसरीकडे बघत बसले होते, रविवारी बसायचे तसे. तीस वर्षांत भिंगबाईंनी हजारो चुकीच्या ओळी खोडल्या होत्या. बरोबर असलेली ओळ खोडून टाकावी असं त्यांना आज पहिल्यांदा वाटलं, आणि त्यांनी खाली सही केली.