भंडाऱ्यात हरवलेली खूण

मी एक टी-पेशी बोलतेय. काया डोळ्यांना न दिसणारी, तोंड मात्र मोठं. माझा जन्म जत तालुक्यातल्या हरिबाच्या कळपात, सरदार नावाच्या मेंढ्याच्या हाडांत झाला.

शिक्षण त्याच्याच छातीतल्या थायमस नावाच्या शाळेत. शाळा भारी कडक. घरच्याच पेशींवर गुरगुरणाऱ्या मुलींना तिथं नापास करत नाहीत, संपवूनच टाकतात. मी निभावले आणि पहारेकरीण झाले. विषाणूनं बाटवलेली पेशी दिसली की मारायची, एवढंच काम.

पण आमच्यात प्रत्येकीला एकच चेहरा ओळखता येतो. माझ्या वाट्याला आला होता मेंढ्यांच्या देवी रोगाच्या विषाणूचा एक तुकडा, आणि तो समोरच येईना. सरदारच्या मांडीजवळच्या गाठीत, म्हणजे आमच्या चौकीत, मी बसून असायची. निरोप्या पेशी यायच्या, नाना तुकडे दाखवायच्या, "हे बघ, जुळतंय का?" पत्रिका काही जुळेना. शेजारणींची जुळत होती आणि माझं वय चाललं होतं.

सत्त्याण्णव साली सांगलीहून डॉक्टर चारुशीलाबाई नवी लस घेऊन आल्या. डीएनएची लस म्हणे.

"बाई, ह्यात रोग हाय का?" हरिबानं विचारलं.

"रोग नाही. त्या विषाणूचा एक तुकडा कसा करायचा, त्याची फक्त कृती आहे."

"मग सैपाक कुणी करायचा?" त्याची बायको हरणाबाई म्हणाली.

"मेंढ्याच्या मांडीनं."

हरणाबाई तोंडाला पदर लावून हसली. एवढ्यात पाण्याचा टँकर आला आणि हरिबा घागरी घेऊन पळाला. निम्म्या मेंढ्यांना टोचायचं आणि निम्म्या तुलनेला कोऱ्या ठेवायच्या, असा बाईंचा बेत होता. टोचलेल्यांच्या कानात बिल्ले अडकवायला त्या निघाल्या, तर हरणाबाई आडवी आली. "ह्यातला एक बिरोबाला बोललाय, पर कुठला त्ये अजून ठरलं न्हाई. कान फाडलेला मेंढा देव घेत न्हाई."

"मग खूण कशी करू?"

"भंडारा हाय की."

बाईंना ते पटलं. टोचलेल्या प्रत्येकाच्या कपाळावर हळदीचा ठसठशीत मळवट भरला.

सरदारच्या मांडीतल्या पेशींनी ती कृती वाचली आणि विषाणूचा तुकडा रांधायला घेतला. विषाणूचा पत्ता नाही आणि त्याचा तुकडा मात्र दारोदार मांडलेला. निरोप्या पेशीनं त्यातला थोडा उचलला आणि गाठीत आणून माझ्यापुढं धरला. जुळलं! आनंदानं मी एकीच्या दोघी झाले, दोघींच्या चौघी, मग हजारो. आमची फौज मांडीत गेली आणि तो तुकडा दारात मांडून बसलेल्या पेशींना झोडपून आली. बिचाऱ्यांनी पाहुणचार केला आणि मार खाल्ला. पण आमचा सराव झाला, आणि काही जणी आठवण धरून मागं राहिल्या. त्यांत मी.

बाई गेल्यावर हरणाबाईनं कळपाकडं पाहिलं. "निम्म्या लेकरांला देव लावला आन् निम्मी कोरी? आसं कुटं आसतंय व्हय?" तिनं उरलेल्या सगळ्यांच्या कपाळांवर भंडारा फासला.

पुढं राज्याच्या सीमेपलीकडून बातमी आली की तिकडच्या कळपांत देवी शिरली. बाई धावत आल्या. आता नव्यानं टोचून उपयोग नव्हता, लस अंगी लागायला आठवडे लागतात. लस न टोचलेल्या मेंढ्या लांबच्या माळावर हलवल्या तरच वाचणार होत्या, आणि तिथल्या विहिरीचं पाणी निम्म्या कळपालाच पुरणार होतं. बघतात तर प्रत्येक कपाळ पिवळं.

"हरणाबाई, टोचलं कुणाकुणाला?"

"आता काय सांगू बाई? हाताला यील ती धरली. ध्यानात कशाला ठिवू, खूण केलीवती की."

शेवटी बाई म्हणाल्या, "रक्तालाच विचारू." हरिबा एकेकीचं नाव सांगत गेला, बाई रक्त काढून नळ्यांवर नावं लिहीत गेल्या. अशी मी बर्फावर बसून एसटीनं सांगलीला आले. मला काचेच्या ताटलीत सोडलं आणि तोच तुकडा समोर टाकला. जुना वैरी मी विसरते होय? पुन्हा हजारोंनी वाढले. शेजारच्या ताटलीत हरणाबाईच्या लाडक्या मैनेच्या पेशी होत्या. त्यांना कुणी तो चेहरा दाखवलाच नव्हता, त्या माना वळवून बसल्या. मला त्यांची फार काळजी वाटली.

हरिबा प्रयोगशाळेच्या दारात घोंगडी पसरून बसला होता. बाई बाहेर आल्या. "सरदार बोलला. मैना गप्प आहे." गप्प राहिलेल्यांची सगळी नावं ऐकून घेऊन हरिबा चहा न पिताच उठला.

देवी आली तेव्हा सरदारच्या नाकावर एखादा फोड उठला आणि वाळून गेला. आत माझ्या बहिणी होत्या ना! मैना आणि तिच्याबरोबरच्या लांबच्या माळावर राहिल्या म्हणून वाचल्या.

मी आता घरी जायची नाही. गुलाबी पाण्यावर बाईंनी मला पोसलं, पण माझे दिवस भरत आले आहेत. काल हरणाबाई सांगायला आली, "बाई, एक बी दगावलं न्हाई." मग तिनं ताटल्या पाहिल्या. "साक्ष कुणी दिली?"

बाईंनी माझ्या रांगेकडं बोट दाखवलं. हरणाबाईनं कनवटीतून भंडारा काढला, माझ्या झाकणावर चिमूटभर टाकला आणि हात जोडले. माझ्या एवढ्याशा जिवाचं सोनं झालं.

मग तिची नजर मैनेच्या ताटलीवर गेली. बाई "अहो, थांबा" म्हणेपर्यंत सगळी झाकणं पिवळी झाली होती.